पत्र्यावर जाऊ नका, ओतीव बीड वाचा: जुना ट्रॅक्टर पारखण्याची रीत

गावात जुना ट्रॅक्टर विकायला निघाला की मालक हल्ली दोन भाव सांगतो. नांगरटीला घेणाऱ्याला एक आणि शहरातून येऊन बोनेटचे फोटो काढणाऱ्याला दुसरा. दुसऱ्या भावाबरोबर ‘अँटिक पीस आहे साहेब, असा आता मिळत नाही’ हे वाक्य फुकट मिळतं. कधीकधी ते खरंही असतं.

पण नुसत्या वयाला किंमत नसते. आपल्याकडे तर एकेक मॉडेल दशकानुदशकं जवळपास त्याच रूपात बनत राहिलं, त्यामुळे दिसायला जुना म्हणजे खरोखर जुना असंही नाही. शिवाय इथे ट्रॅक्टर शोभेसाठी कुणी ठेवत नाही, चालतोय तोवर राबवतात. पन्नास वर्षांत इंजिन तीन-चारदा खोललं जातं, पत्रा बदलतो, सेल्फ दुसऱ्याच गाडीचा बसतो, मीटर तर कधीच गायब झालेलं असतं. म्हणून संग्राहकाने विचारायचा प्रश्न असा: कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशीचं यात आज काय उरलंय? पुढची सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

आधी घराणं ओळखा

साठ-सत्तरच्या दशकांत भारतात बनलेले बहुतेक ट्रॅक्टर कुठल्या तरी परदेशी घराण्याचे आहेत. हे घराणं कळलं की सुटे भाग, पुस्तिका, नंबरांची रीत, सगळ्याचा माग लागतो.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादहून बाहेर पडला तो आयशरचा, जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्याने. त्याचं इंजिन हवेवर थंड होणारं. म्हणजे पुढे रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत आणि सिलिंडरभोवती पातळ पापुद्र्यांसारखे फिन. जुन्या आयशरच्या पुढे रेडिएटर दिसला तर इंजिन बदललंय किंवा मॉडेल बरंच नंतरचं आहे, असं समजून पुढची चौकशी करायची.

१९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा मॅसी १०३५ हा ब्रिटिश ‘३५’च्या वळणाचा. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. मुंबईतल्या कांदिवलीच्या कारखान्यात तिने बी-२७५ बनवला, मुळात इंग्लंडमधलं मॉडेल. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. हे साल ध्यानात ठेवा, ट्रॅक्टरवरच्या नंबराच्या पट्टीवरचं नाव वाचताना ते कामाला येतं. एस्कॉर्ट्सने सुरुवात केली पोलंडच्या उर्सुसबरोबर. पुढे फोर्डशी करार करून १९७१ पासून फोर्ड ३००० इथे बनवायला घेतला. पिंजोरला एचएमटीने १९७१ मध्येच चेकोस्लोव्हाकियाचा झेटर २५११ बनवायला सुरुवात केली. १९७४ चा स्वराज ७२४ मात्र वेगळा. त्याचं डिझाइन दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झालं, परदेशी कंपनीचं सहकार्य न घेता. महाराष्ट्रात नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झबरोबर ट्रॅक्टर काढले. ते आता क्वचितच दिसतात, म्हणून कुठे पडून आहे असं कानावर आलं तर मी लांबचा फेराही घालेन.

याच्या आधीचे, म्हणजे थेट आयात झालेले ट्रॅक्टर हा वेगळा वर्ग. त्यांतला फर्ग्युसन टीई-२० जगभरच्या संग्राहकांचा लाडका. करड्या रंगाचा, बुटका, साधारण ११०० किलोचा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात असे ५ लाखांहून जास्त बनले. इतक्या संख्येने बनलेल्या वस्तूला दुर्मीळ म्हणता येत नाही, तरी तिला मागणी आहे. हा फरक पुढे किंमत ठरवताना लागेल.

मग नंबर वाचा, पण एकच नंबर वाचून थांबू नका

ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल हे बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मोठे ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि तोच सांगाडा. आपण ज्याला चेसिस नंबर म्हणतो तो यांपैकीच एखाद्या ठोकळ्यावर ठोकलेला असतो किंवा रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. याचा अर्थ गॅरेजमध्ये अर्धा ट्रॅक्टर बदलून टाकणं शक्य आहे, आणि तसं होतंही. एका मेलेल्या ट्रॅक्टरचं पुढचं धड आणि दुसऱ्याचं मागचं.

म्हणून चार ठिकाणं वाचायची. पट्टी, इंजिन ब्लॉकवरचा नंबर, बीडात ओतलेले आकडे आणि आरसी. चौघांचं म्हणणं जुळलं पाहिजे.

पट्टी नीट बघा. रिव्हेट जुने, रंगाखाली दबलेले आहेत का? की चकचकीत पॉप-रिव्हेट किंवा स्क्रू आहेत? पट्टी हलवता येते, बीड हलवता येत नाही. बी-२७५ वर इंटरनॅशनल कंपनीचं नाव असलेली पट्टी असेल तर ती १९७७ च्या आधीची असायला हवी. आरसीवर १९८३ असेल तर पट्टी कुठून आली ते विचारा.

टीई-२० मध्ये पट्टीवरची अक्षरंच इंजिन सांगतात. सुरुवातीच्या टीई-२० ला अमेरिकेचं कॉन्टिनेन्टल पेट्रोल इंजिन, टीईए-२० ला स्टॅन्डर्ड कंपनीचं पेट्रोल, टीईडी-२० ला ट्रॅक्टरसाठीच्या रॉकेलजातीच्या तेलावर चालणारं, आणि टीईएफ-२० ला डिझेल. पट्टी टीईए म्हणतेय आणि समोर तीन सिलिंडरचं डिझेल धडधडतंय असं दिसलं तर बहुधा पर्किन्स पी-३ बसवलेलं असतं. असा बदल त्या काळात रीतसर किट आणून करत. त्याला खोटं म्हणता येणार नाही. त्या काळचा बदल म्हणून काहीजण तो जपतातही, पण कारखान्याच्या अवस्थेतल्या ट्रॅक्टरचा भाव त्याला मागू नये.

मॅसी ३५ मध्ये नोझल मोजा, एका सिलिंडरला एक. ब्रिटिश ३५ ला आधी स्टॅन्डर्डचं चार सिलिंडरचं डिझेल होतं, थंडीत सुरू व्हायला कुरकुर करणारं. १९५९ च्या अखेरीस पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं आणि शेतकऱ्यांनी ते उचलून धरलं. आजही कामासाठी आणि चालवायला तीनवालाच लोक शोधतात. त्याआधीचा, १९५६ मधला एफई-३५ हा करडा पत्रा आणि सोनेरी-तांबूस धड अशा जोडीचा. त्याला वेगळी मागणी आहे. लाल रंगाच्या खाली खरवडल्यावर सोनेरी दिसलं तर विक्रेत्याला लगेच सांगू नका.

ओतीव आकड्यांत फोर्ड सगळ्यांत बोलका. भागाच्या नंबरात पहिलं अक्षर दशक सांगतं: सी म्हणजे साठचं, डी सत्तरचं, ई ऐंशीचं. पुढचा आकडा वर्षाचा. ‘सी५एनएन’ने सुरू होणारा भाग १९६५ च्या डिझाइनचा. हे डिझाइनचं साल, ओतल्याचं नव्हे. ओतल्याची तारीख वेगळी असते: वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर, मग दिवस. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असं ऑगस्टच्या एचपर्यंत. आय वगळतात, म्हणून सप्टेंबर जे आणि डिसेंबर एम. ‘४के१२’ म्हणजे १२ ऑक्टोबर, साल चारने संपणारं. ब्लॉक, हेड आणि हाउसिंग यांच्या तारखा काही महिन्यांच्या अंतरात असल्या तर ट्रॅक्टर एकसंध आहे. भारतात ओतलेल्या भागांवर ही रीत जशीच्या तशी मिळेलच असं धरू नका.

ब्रिटिश वंशाच्या ट्रॅक्टरवर ल्युकसचा डायनामो आणि सेल्फ असतो. त्यांच्या अंगावर बनल्याची तारीख ठोकलेली असते. तारेचा ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन घासा. भारतात जुळणी झालेल्या सुरुवातीच्या ट्रॅक्टरमध्ये आयात भागांचं प्रमाण जास्त होतं, मग हळूहळू देशी भाग आले. त्यामुळे मीटरवर ‘मेड इन इंग्लंड’ आणि बाकी खुणाही त्याच काळाच्या, असं दिसलं तर सुरुवातीचा नग असण्याची शक्यता वाढते. एकट्या मीटरवरून निष्कर्ष काढू नका. मीटर मुंबईच्या चोरबाजारातही मिळतं.

नंबरप्लेट आणि आरसीही साक्षीदार आहेत. एमएच, मग जिल्ह्याचा क्रमांक ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी महाराष्ट्रात एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे असत. जुनी तीन अक्षरी पाटी टिकली असेल तर ती मूळ कागदांसकट संग्राहकाला हवीच असते. मालक ‘नवीन फॅन्सी पाटी करून देतो’ म्हणाला तर जुनी आधी गाडीत टाका.

आता ट्रॅक्टरभोवती फिरा

रंगाने सुरुवात करू, कारण फसवणूकही तिथूनच होते. नवा रंग दिलेला ट्रॅक्टर मला संशयास्पद वाटतो. रंग वाईट म्हणून नव्हे, त्याखाली पुट्टी असते म्हणून. लोहचुंबक कापडात गुंडाळून मडगार्डवर फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे पुट्टी आहे. मूळ रंग शोधायचा तर जिथे ब्रश पोचत नाही तिथे बघा: टूलबॉक्सच्या आत, बॅटरीच्या तळाशी, डिझेल टाकीच्या पोटाखाली, पट्टीच्या कडेला. उन्हाने फिकट झालेला, ठिकठिकाणी गंजाचे डाग असलेला, पण कारखान्याचाच रंग अंगावर असलेला ट्रॅक्टर मी नव्याने रंगवलेल्यापेक्षा वर ठेवतो. रंग कधीही देता येतो. एकदा घालवलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

पत्रा स्वतः मूळ आहे का? बोनेटची जाळी, दिव्यांची जागा, उठावाची अक्षरं, मागच्या मडगार्डची कमान, या गोष्टी दर काही वर्षांनी बदलत गेल्या. बाजारात मिळणारा नवा पत्रा नंतरच्या मॉडेलचा असतो आणि थोडी भोकं पाडून जुन्यावर बसवला जातो. त्यामुळे जुन्या बोल्टांची रिकामी भोकं शोधा. एखादं न वापरलेलं भोक बुजवलेलं दिसलं की तिथे पूर्वी काय होतं हे जुन्या फोटोत बघायचं. कंपनीचं मूळ पार्ट्स बुक मिळालं तर त्यातली चित्रं यासाठी सगळ्यांत भरवशाची.

मग छोट्या वस्तू. स्टिअरिंग, सीटचा पत्रा, गव्हर्नरचा खटका, टाकीचं झाकण, एअर क्लीनरची वाटी, हेडलाइटची रिंग, टूलबॉक्सचं झाकण, टॉपलिंक. इंजिनाचे पिस्टन-लायनर आजही मिळतील, पण साठच्या दशकातलं टाकीचं मूळ झाकण मिळवायला भंगारवाल्यांकडे खेटे घालावे लागतात. नवशिका ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकत बसतो आणि मुरलेला संग्राहक गुडघ्यावर बसून या वस्तू मोजतो.

टीई-२० आणि मॅसी ३५ सुरू करायला गिअरचा दांडा ‘एस’ खुणेकडे नेतात, तिथेच सेल्फ लागतो. डॅशवर वेगळं बटण ठोकलेलं दिसलं तर मूळ यंत्रणा निकामी आहे किंवा काढून टाकलीय. टीई-२० चा मागचा पीटीओ शाफ्टही (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा) बघा. मूळ शाफ्ट सव्वा इंचाहून बारीक, १ १/८ इंचाचा. आजचा सर्वत्र चालणारा १ ३/८ इंचाचा असतो. तो दिसला तर बदललेला आहे किंवा वर ॲडॉप्टर आहे.

यंत्र तपासताना काय माफ करायचं, काय नाही

कामाला घेणाऱ्याची आणि संग्राहकाची यादी इथे उलटी होते. ऑइल खातो, निळा धूर मारतो, नोझल टपकतात, क्लच घसरतो, ही सगळी कामं मिस्त्री करून देतो. पैसे लागतात, पण वस्तू जात नाही. बीडाला तडा असेल तर मात्र भाव कोसळतो.

तडे कुठे शोधायचे हे ट्रॅक्टरने काय काम केलं त्यावर आहे. इंग्लंडात हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटतात, तिथून आयात करणाऱ्यांनी ते बघावं. आपल्याकडे उलट: रेडिएटर कोरडा पडून इंजिन तापलेलं असतं, म्हणून हेडच्या सांध्याजवळ आणि ब्लॉकच्या कुशीत बघायचं. ऊसपट्ट्यातला ट्रॅक्टर असेल तर त्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या असणार. त्याचा ताण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर, मागच्या हाउसिंगवर आणि हुकाच्या बोल्टांवर येतो. सांध्यातून ऑइल पाझरतंय का, बोल्टची भोकं लांबट झालीत का, कुठे वेल्डिंगची रेघ आहे का? बीडावरचं वेल्डिंग रंगाखाली लपतं, पण बोटाला कळतं.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा घ्या, गप्पा मारा आणि थंड होऊ द्या. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून बघा, तिथून जोरात वाफारा येत असेल तर रिंगा-लायनर गेलेत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरतंय, आणि त्याचं कारण साधं गॅस्केट की तडा हे कळेपर्यंत सौदा करू नका. बंदच असलेला ट्रॅक्टर असेल तर इंजिन हाताने फिरतं का एवढं तरी बघायचं. जाम इंजिन हा जुगार आहे.

लिफ्टवर नांगर किंवा फण अडकवून उचलायला लावा आणि इंजिन बंद करून किती वेळात खाली येतो ते पाहा. टीई-२० चा हायड्रोलिक पंप पीटीओच्या शाफ्टवरून फिरतो, तेव्हा पीटीओचा दांडा लावला नसेल तर लिफ्ट उचलणारच नाही. एवढ्यावरून ‘हायड्रोलिक खराब’ म्हणून भाव पाडणारे असतात आणि माहिती नसलेला विक्रेता तो भाव मान्यही करतो.

कागद

भारतात ही पायरी अनेकजण शेवटी ठेवतात. बयाणा देण्याआधी ती उरकून घ्या.

आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला असतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरटीओत उतरवावा लागतो. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. कित्येक जुन्या ट्रॅक्टरचं पासिंग एकदाही झालेलं नसतं. रस्त्यावर चालवायचा नसला तरी हे कागद घ्या, कारण विकताना तुमचा ग्राहकही हेच विचारणार.

एक गैरसमज पसरलेला आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची व्हिन्टेज नोंदणी आणली. ती दुचाकी आणि खाजगी मोटारींसाठी आहे. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. ‘व्हिन्टेज पाटी करून देतो’ असं सांगून जादा पैसे मागणाऱ्याला हात जोडा.

मूळ खरेदीची पावती, डीलरची सर्व्हिस पुस्तिका, ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशीचा हार घातलेला फोटो, हे सगळं मागून घ्या. एकाच घरात पहिल्या दिवसापासून राहिलेला ट्रॅक्टर आणि पाच हातांतून फिरलेला ट्रॅक्टर यांच्या भावात फरक असतो आणि तो असायलाच हवा.

किंमत लावायची कशी

प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरला तीन किमती असतात. भंगाराची म्हणजे वजनाची, कामाची, आणि हौसेची. पहिल्या दोन तालुक्याच्या बाजारात अर्ध्या दिवसात कळतात. तिसरीला ठरलेला दर नाही, म्हणून ती दुसरीवरून मोजायची.

त्याच मॉडेलच्या चालू ट्रॅक्टरला कामाचा भाव काय आहे, तो १०० धरा. लोक जाहिरातीत मागतात तो भाव सोडून सौदा झालेला भाव घ्या. हे दोन आकडे मित्र नसतात. मग माझा ढोबळ हिशोब असा: पट्टी, इंजिन, बीड आणि आरसी जुळत असतील तर मी शंभराच्या वर जायला तयार होतो. जुळत नसतील तर हौसेची किंमत तिथेच संपली, कामाच्या भावात मिळाला तर घ्यायचा. मूळ पत्रा आणि मूळ रंग टिकला असेल तर आणखी वर. न मिळणाऱ्या एकेका छोट्या वस्तूसाठी, ती शोधायला जाणारा वेळ धरून, कमी करायचं. बीडाला तडा असेल तर थेट सुट्या भागांचा म्हणून बघायचा.

दुर्मीळपणावर फार भाळू नका. मागणी नसलेली दुर्मीळ वस्तू विकायला वर्षं लागतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ मध्ये बंद करायचा निर्णय झाला, त्यामुळे जुन्या झेटर २५११ चे भाग अनेकदा दुसऱ्या झेटरमधून काढावे लागतात. अशा वेळी एक चांगला आणि एक मेलेला असे दोन मिळून घेणं शहाणपणाचं. उलट बी-२७५ सगळीकडे आहेत, मिस्त्रीही सगळीकडे आहेत. त्यामुळे साधा बी-२७५ कामाच्या भावाच्या फार वर जात नाही, पण १९६० च्या दशकातला, तीन अक्षरी पाटीचा, न रंगवलेला नग वेगळाच. भारतातल्या पहिल्या काही वर्षांच्या आयशरला मी सगळ्यांच्या वर ठेवेन, कारण तिथून इथल्या ट्रॅक्टरनिर्मितीची सुरुवात होते.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणी जर्मनीत लान्झ बुलडॉग बघत असेल तर एक सूचना. मॅनहाइमच्या कारखान्याचं हे एक सिलिंडरचं, तापवून सुरू करायचं इंजिन १९२१ पासून प्रसिद्ध आहे आणि तिथे त्याला मोठी मागणी असते. पण पोलंडचा उर्सुस सी-४५, अर्जेन्टिनाचा पाम्पा, फ्रान्सचा पर्शरॉं हे त्याचेच भाऊबंद. त्यांच्यावर नवा लान्झचा बिल्ला लावून विकले जातात. ओतीव अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर

सुरू करायची घाई नको. आधी प्रत्येक बाजूने, प्रत्येक नंबरचा फोटो काढा. टाकीतलं जुनं डिझेल आणि इंजिनातलं ऑइल काढून टाका, टाकीचा तळ बघा, फिल्टर बदला, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवा, मग सेल्फ मारा. फिटरला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा की काढलेला एकही मूळ भाग भंगारात जाणार नाही. गेलेला डायनामो, फुटलेली दिव्याची काच, वाकलेला खटका, सगळं चिठ्ठी बांधून पोत्यात ठेवा. पुढे ट्रॅक्टर विकाल तेव्हा हे पोतं गाडीबरोबर द्या आणि त्याचे पैसे वेगळे मागा. जाणता ग्राहक ते देतो.